हंडा मोर्चाआधी

पंचायत समितीच्या आवारात रिकामे हंडे वाजवणाऱ्या बायका दर उन्हाळ्यात दिसतात. पेपरात फोटो येतो, गटविकास अधिकारी खाली उतरून निवेदन घेतात आणि शिष्टमंडळातल्या चार-पाच जणांना केबिनमध्ये बोलावतात. खरी परीक्षा तिथं असते. साहेब फाईल उघडतात आणि शांतपणे म्हणतात, "आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्या गावात शंभर टक्के नळजोडण्या झाल्यात. योजना चालू आहे. वीजबिल थकल्यामुळं चार-दोन दिवस अडचण झाली असेल." यावर पाचही जण एकमेकांकडे बघतात. "साहेब, एकदा गावात येऊन तर बघा," एवढंच कुणीतरी म्हणतं. साहेब 'बघतो' म्हणतात, चहा येतो, आणि विषय पुढच्या उन्हाळ्यावर जातो.

त्या केबिनमध्ये बोलता यावं म्हणून आधी काय काय करायचं, ते इथं सांगतो आहे. उदाहरण पिण्याच्या पाण्याचं घेतलंय, पण रेशन दुकान, बंद पडलेली एसटीची फेरी किंवा अंगणवाडीचा आहार यांनाही हीच रीत लागू पडते. सरकारी कागद काय म्हणतो आणि गावात प्रत्यक्ष काय आहे, हे दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायचं, त्यातला फरक मोजायचा आणि तो फरक भरून काढण्याची सही ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर न्यायचा. गावाचा अभ्यास म्हणजे एवढंच. त्याला पीएचडी लागत नाही, चिकाटी लागते.

आधी प्रश्न बारीक करा

'गावाला पाणी नाही' ही तक्रार झाली. अभ्यास करायचा तर आधी विचारायला हवं की पाणी नेमकं कुठं अडतंय. विहिरीतच पाणी उरलेलं नाही? पाणी आहे पण मोटर जळालीय किंवा वीज तोडलीय? टाकी भरते पण उंचावरच्या वस्तीपर्यंत दाब पोचत नाही? मधेच पाइपलाइन गळतेय? की पाणी येतं, पण पिण्यालायक नाही? या प्रत्येक प्रश्नाचा मालक वेगळा आहे. उद्भव आटला तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा अभिप्राय लागतो. योजनेच्या कामात खोट असेल तर जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचा उपअभियंता. वीजबिल आणि रोजचं पाणी सोडणं ही ग्रामपंचायतीची जबाबदारी. दाराची निवड चुकली तर तुमचं निवेदन 'आमच्याशी संबंधित नाही' असा शेरा घेऊन महिन्याभरानं परत येतं.

हे शोधायला पहिला माणूस कोण? सरपंच नाही, सदस्यही नाहीत. गावात पाणी सोडणारा जो असतो, तो. कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडला की कुठली गल्ली कोरडी पडते, कुणी नळाला मोटर लावलीय, ठेकेदारानं कुठं तीन इंचीऐवजी दोन इंची पाइप टाकला, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. त्याच्याबरोबर एक सकाळ फिरा. मात्र त्याचं नाव कुठल्याही कागदावर लिहू नका; त्याचा पगार ग्रामपंचायतीतूनच होतो.

कागद

सरकारी योजनेला एक माप असतं. ते आधी हातात हवं, कारण मागणी त्या मापावर उभी राहते. २०१९ च्या १५ ऑगस्टला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ते माप आहे माणशी रोज ५५ लिटर, नियमित आणि पिण्यालायक. १२०० वस्तीच्या गावाला रोज ६६ हजार लिटर. टँकरवर असलेल्या गावासाठी निकष बराच खाली, माणशी २० लिटर. म्हणजे त्याच गावाला २४ हजार लिटर, बारा हजारी टँकरच्या दोन पूर्ण खेपा. तुमच्या गावात टँकर रोज एकच खेप करत असेल, तर 'पाणी कमी पडतं' असं म्हणू नका. 'निकषाच्या निम्मं येतं' म्हणा. दुसऱ्या वाक्याला उत्तर द्यावं लागतं.

निकषाच्या बळावर सरकारशी कसं भांडता येतं याचं एक जुनं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शेतमजुरांची किमान मजुरी रोजी ४ रुपये होती आणि तिला वि. स. पागे समितीच्या शिफारशीचा आधार होता. पागे म्हणजे रोजगार हमी योजनेचे जनक. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचं कारणच नव्हतं. वर्ध्यात काम करणाऱ्या तरुण डॉ. अभय बंग यांनी 'मजुरी वाढवा' अशी घोषणा दिली नाही. त्यांनी समितीचंच गणित पुन्हा सोडवलं. कष्टाचं काम करणाऱ्या माणसाला किती उष्मांक लागतात, त्यासाठी किती खर्च येतो, हे समितीनं कमी धरलं होतं. चुका दुरुस्त केल्यावर मजुरी १२ रुपयांवर जात होती. सरकारला मजुरी वाढवावी लागली. समोरच्याचा कागद खोटा न ठरवता तोच नीट वाचून दाखवण्यात जी ताकद आहे, ती दहा सभांत नाही.

आता कागद मिळवायचे कसे. माहितीच्या अधिकाराकडे धावण्याआधी दोन सोप्या जागा बघा. जल जीवन मिशनच्या सार्वजनिक डॅशबोर्डवर गावनिहाय नळजोडण्यांचे आकडे दिसतात. तुमचं गाव 'हर घर जल' म्हणून नुसतं नोंदवलंय की प्रमाणित झालंय, तेही तिथं कळतं. प्रमाणित असेल तर लक्षात ठेवा: त्यासाठी ग्रामसभेत तसा ठराव व्हावा लागतो. म्हणजे 'आमच्या घरोघरी पाणी येतं' असं तुमच्याच गावानं लिहून दिलेलं आहे. तो ठराव मागवा, तारीख बघा, त्या दिवशी सभेला कोण होतं ते बघा. पुष्कळदा इथंच अर्धा अभ्यास संपतो.

दुसरी जागा सोमवारची. राज्य सरकारनं २०१८ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे असतात. ही सोय फार थोडे लोक वापरतात. फाईल समोर मिळाली तर सगळं काही उतरवत बसू नका. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला, एवढं शोधा. मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळे जिला 'एमबी' म्हणतात ती, सगळ्यांत बोलकी. कुठल्या तारखेला किती मीटर पाइप पुरला, किती व्यासाचा, किती खोल, हे तिच्यात अभियंत्याच्या सहीनिशी असतं. गावातल्या गल्लीत टेप धरून तुम्हालाही ते मोजता येतं.

एवढ्यावर भागलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. २००५ च्या कायद्यानं तो साधा ठेवलाय आणि महाराष्ट्राच्या नियमांनी थोडा आखडलाय: एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ. प्रतींना पानामागे दोन रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, 'तिकडं जा' म्हणायचं नसतं.

अर्ज फसतात ते भाषेमुळं. 'योजनेचं पाणी वरच्या वस्तीला का येत नाही?' असं विचारलंत की उत्तर येतं, 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही.' आणि ते नियमाला धरून असतं, कारण कायदा नोंदींचा आहे, खुलाशांचा नाही. म्हणून कागदाचं नाव लिहून मागा: 'अमुक योजनेच्या वितरण वाहिनीच्या मोजमाप पुस्तिकेची साक्षांकित प्रत', 'अमुक दोन महिन्यांच्या टँकर लॉगबुकाच्या प्रती'. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचं तिकीट. तिथंही दाद मिळाली नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, पण तिथली रांग मोठी आहे. उन्हाळ्याच्या मागणीसाठी लागणारा कागद मार्चमध्ये मागायला बसलात तर तो पावसाळ्यात मिळेल. अर्ज दिवाळीच्या सुमाराला टाका.

अर्ज एकट्यानं करू नका, हेही सांगायला हवं. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा २०१० च्या जानेवारीत भररस्त्यात खून झाला. जमीन, वाळू, ठेकेदारी यांच्या जवळ जाणारा विषय असेल तर वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळे अर्ज करावेत आणि आलेल्या कागदांच्या प्रती चार घरांत आणि गावाबाहेरच्या एखाद्या विश्वासू माणसाकडे ठेवाव्यात. सगळे कागद एकाच माणसाकडे आहेत, असं चित्रच तयार होऊ देऊ नका.

गावात मोजणी

कागदानंतर जमीन. इथं बहुतेक गट एक फॉर्म छापतात, त्यात 'तुम्हाला पुरेसं पाणी मिळतं का? होय / नाही' असा प्रश्न असतो, आणि ८५ टक्के लोक 'नाही' म्हणतात. हा आकडा कुठल्याही अभियंत्याला हलवत नाही. पुरेसं म्हणजे किती, हे ज्याचं त्याचं. त्याऐवजी विचारा: काल घरात किती हंडे पाणी आलं? कुठून आणलं? कोण गेलं होतं? किती वेळ लागला? 'साधारण किती' असं विचारलंत की माणूस अंदाज सांगतो, 'काल' विचारलंत की आठवून सांगतो. आणि हे विचारायचं पाणी भरणाऱ्या बाईला. ओट्यावर बसलेला दादला तिच्या वतीनं उत्तर देऊ लागला तर त्याला चहाला घेऊन जाणारा एक जण टोळीत हवाच.

त्याहून चांगलं म्हणजे नळच मोजणं. पंधरा लिटरची बादली, मोबाईलचं घड्याळ, वही. समजा टाकीजवळच्या गल्लीत बादली दीड मिनिटात भरली, म्हणजे मिनिटाला १० लिटर. एक दिवसाआड ४० मिनिटं पाणी येतं. ४०० लिटर, दिवसाला २००, पाच माणसांच्या घरात माणशी ४०. आता त्याच योजनेच्या शेवटच्या टोकाला, टेकाडावरच्या वस्तीत जा. तिथं बादलीला पाच मिनिटं लागतात. मिनिटाला तीन लिटर, ४० मिनिटांत १२०, दिवसाला ६०, माणशी १२. टँकरवरच्या गावाला द्यायच्या २० लिटरपेक्षाही कमी, आणि कागदोपत्री घर नळानं जोडलेलं. या दोन घरांची सरासरी काढलीत तर माणशी २६ येते आणि टेकाडावरचं घर त्या सरासरीत बुडून जातं. म्हणून सरासरी देऊ नका, टोकं द्या.

मोजणी कुठं करायची हेही आधी ठरवा. गाव लहान असेल तर सगळीच घरं घ्या. दोनशे उंबऱ्यांचं गाव सहा पोरापोरींनी चार दिवसांत होतं. मोठं असेल तर प्रत्येक वाडी, वस्ती, तांडा यांतून ठराविक अंतरानं घरं निवडा, ओळखीची नव्हे. दलित वस्ती, शेतातली वस्ती, पारध्यांची पालं नेहमी सुटतात, कारण फॉर्म घेऊन फिरणारी मुलं वेशीच्या आतली असतात. आधार क्रमांक, मोबाईल नंबर मागू नका. त्यांचा उपयोग नाही आणि लोक बिचकतात. माहिती कशासाठी हवी ते सांगा, नाव छापणार नाही हे सांगा, आणि कुणी नको म्हटलं तर पुढं चला.

पाण्याच्या गुणवत्तेचा प्रश्न असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. गढूळ पाणी निरुपद्रवी असू शकतं आणि यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या काही भागांतलं स्वच्छ दिसणारं पाणी फ्लोराईडनं दात आणि हाडं खातं. भारतीय मानकानुसार फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा उद्भवच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटची मर्यादा ४५. ग्रामपंचायतीकडे क्षेत्रीय तपासणी संच असतो, जलसुरक्षक असतो. टीसीएल पावडर टाकल्यावर नळाला क्लोरीन उरतो का हे पाहण्याची ओटी टेस्ट दोन मिनिटांची आहे. ती टाकीजवळ न करता शेवटच्या नळाला करून घ्या. जंतूंच्या तपासणीचा नमुना मात्र प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीतच घ्यायचा, थंड ठेवायचा आणि त्याच दिवशी पोचवायचा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून दोन दिवसांनी दिलेला नमुना तुमच्याच विरुद्ध वापरला जातो. आरोग्य विभाग पाण्याच्या उद्भवांचं वर्षातून दोनदा स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. तुमच्या गावाचं शेवटचं कार्ड कुठल्या रंगाचं होतं, हे गावात कुणाला माहीत असतं का ते एकदा विचारून बघा.

घरोघरच्या मोजणीनं सरकारी नोंदीला खरोखर धक्का देता येतो. २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालासाठी महाराष्ट्रातल्या संस्थांनी आपापल्या भागातल्या गावांत जन्म आणि बालमृत्यू स्वतः नोंदवले आणि सरकारी आकड्यांशेजारी ठेवले. सरकारी वह्यांत मृत्यू फारच कमी भरले. वाद झाला, विधिमंडळात गाजला, आणि शेवटी सरकारला बालमृत्यू तपासण्यासाठी समिती नेमावी लागली.

आपल्याच विरुद्ध जाणारं

मोजणीत हमखास असं काहीतरी सापडतं, जे मोर्चाला सोयीचं नसतं. अर्ध्या गावानं तीन वर्षं पाणीपट्टी भरलेली नाही. पुढच्या आळीतल्या पाच-सहा जणांनी, त्यात मोर्चाच्या आघाडीवरचा एक, नळाला मोटर लावलीय. योजनेच्या विहिरीपासून थोड्याच अंतरावर गेल्या वर्षी दोन नव्या बोअर झाल्यात आणि तिथं ऊस उभा आहे.

हे लपवायचं की मांडायचं? माझं मत स्पष्ट आहे: तुम्हीच आधी मांडा. साहेबांच्या फाईलमध्ये थकबाकीचा आकडा असतोच. त्यांनी तो काढला की तुमचे सगळे आकडे संशयात येतात, तुम्ही काढला की तुमच्यावर विश्वास बसतो. शिवाय कारणमीमांसा तपासायला हवीच. लोक पाणीपट्टी भरत नाहीत म्हणून पाणी येत नाही, की पाणी येत नाही म्हणून भरत नाहीत? पट्टीच्या नोंदवहीत थकबाकी कुठल्या वर्षापासून वाढली ते बघा आणि मोटर जळाल्याच्या तारखेशी ताडून पाहा. उत्तर वहीतच असतं. मोटरवाल्यांचा प्रश्न मात्र गावातच सोडवावा लागतो, आणि तो मोर्चाआधी सोडवा. तो सर्वांत अवघड भाग आहे. तिथं कुठलाही फॉर्म कामाला येत नाही, चार वडीलधारी माणसं आणि त्यांच्याच घरातल्या बायका येतात.

एवढं झालं की शाखा अभियंत्याला भेटा, भांडायला नव्हे. 'आम्ही हे मोजलंय, तुमच्या मते कारण काय?' असं विचारा. त्यांची बाजू लिहून घ्या. कधीकधी तेच सांगतात की टेकाडावरच्या वस्तीसाठी वेगळ्या टाकीचा प्रस्ताव दोन वर्षांपूर्वी पाठवलाय आणि वर पडून आहे. मग तुमची मागणी क्षणात बदलते: नवी योजना नव्हे, त्या प्रस्तावाला मंजुरी.

मांडणी

निष्कर्ष आधी गावाला वाचून दाखवा. ज्यांनी माहिती दिली त्यांना ती परत मिळायला हवी, आणि चुकाही तिथंच सापडतात. 'आमच्या गल्लीत एक दिवसाआड नाही, तीन दिवसांआड येतं,' असं कुणीतरी उठून सांगतंच. त्यानंतर ग्रामसभा. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. ती भरवा, महिलांच्या सभेत विषय आधी घ्या, ठराव शब्दशः लिहून घ्या आणि सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात ताब्यात घ्या.

निवेदन दोन पानांचं. पहिल्या परिच्छेदात मागणी: कुणी, काय, कधीपर्यंत. मग निकष, तुमचा आकडा, तो कसा काढला ते दोन ओळींत. मग हातानं काढलेला का होईना, गावाचा नकाशा आणि त्यावर प्रत्येक वस्तीचे लिटर. बाकी सगळं परिशिष्टात. 'तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' हे वाक्य हवं तर शेवटी घाला. ते वाचून आजवर कुणी घाबरल्याचं पाहिलेलं नाही. आवक क्रमांकासह पोच घ्या. प्रती जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि आमदारांना. आमदारांच्या प्रतीला तयार प्रश्न जोडलात तर अधिवेशनात तो लागण्याची शक्यता वाढते, कारण त्यांच्या स्वीय सहायकाचं काम तुम्ही केलेलं असतं. तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या; तिथंही विषय नेता येतो. वार्ताहराला बोलवायचं तर टेकाडावरच्या वस्तीत, पाणी सुटायच्या वेळेला, बादली आणि घड्याळासह.

केबिनमधल्या बैठकीत एकानं बोलायचं, एकानं लिहायचं. साहेबांनी जे कबूल केलं ते तारखांसह त्याच संध्याकाळी पत्रानं त्यांनाच कळवा: 'आज झालेल्या चर्चेत आपण पुढील बाबी मान्य केल्या.' इतिवृत्त यायला महिना लागतो, कधी येतच नाही. हे पत्र मात्र आवक नोंदवहीत चढतं. काम झालं म्हणून कळवलं गेलं की तीच पंधरा लिटरची बादली घेऊन त्याच घरांत पुन्हा मोजा, एकदा लगेच आणि एकदा एप्रिलअखेर. पावसाळ्यानंतर केलेली मोजणी सगळ्यांनाच खूश करते.